प्रतिसाद: पोरांचं गावात कोण ऐकतं?

तुम्ही लिहिलंय की एनएसएसच्या कॅम्पनंतरही गावात काम करायला गेलात तर म्हातारी माणसं "तू कोणाचा, कुठल्या पार्टीचा" एवढंच विचारतात आणि श्रमदानाला कोणी येत नाही, हे अगदी खरंय, आम्हीपण भोगलंय. पण सोडू नका प्लीज.

2016 ला पाणी फाउंडेशनचा वॉटर कप (गावांनी श्रमदानानं पाणी अडवायची स्पर्धा) सुरू झाला तेव्हा फक्त 3 तालुके होते, वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव, आणि कोरेगावच्या वेळू गावानं पहिला नंबर काढला, तिथेही गट-तट नसतील असं थोडीच आहे. आमच्याकडे भाषणानं काहीच हललं नाही. मग लाकडाची ए-फ्रेम (चर खणायला समपातळीची रेषा आखायची A आकाराची चौकट) घेऊन सरळ माळावर गेलो, मधे ओळंबा सोडलेला, दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथे फक्की टाकायची आणि पुढे सरकायचं. बघायला आलेले एक आजोबा म्हणाले "अरे पाणी इकडनं नाय, त्या बांधावरनं उतरतं" आणि स्वतःच पुढे चालायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावकीतली चार माणसं कुदळी घेऊन हजर!

म्हणून सांगते, शिकवायला जाऊ नका, आधी विचारा. सरपंच आणि विरोधी पार्टी दोघांकडेही एकाच दिवशी जा, नाहीतर शिक्का बसतोच. आणि मुली असतील तर त्यांच्या घरच्यांना एकदा साइटवर आणाच, परवानगीचा प्रश्न फोनवर सुटत नाही. तुमचं गाव कुठल्या तालुक्यात आहे?