‘बिलीव्ह’च्या पोटात ‘लाय’? शब्दाच्या मुळाला किती मान द्यायचा

मेघना_सातारा

सध्या एक चित्र सगळीकडे फिरतंय. ‘बिलीव्ह’ हा इंग्रजी शब्द ठळक अक्षरांत, मधली तीन अक्षरं लाल, आणि खाली ओळ : ‘प्रत्येक विश्वासाच्या पोटात एक खोटं दडलेलं असतं.’ इंग्रजीत ‘लाय’ म्हणजे खोटं बोलणं आणि ‘बिलीव्ह’च्या स्पेलिंगमध्ये ती तीन अक्षरं ओळीने येतात, एवढाच त्याचा आधार. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवताहेत, म्हणून नीट लिहिते.

या दोन शब्दांचं नातंच नाही. खोटं बोलण्याचा ‘लाय’ जुन्या इंग्रजीतल्या ‘लेओगन’पासून आला, जर्मनमधलं ‘ल्यूगेन’ हे त्याचं भावंड. ‘बिलीव्ह’चं जुनं रूप ‘गेलीफन’. त्यातला ‘गे’ गळला आणि पुढे ‘बि’ चिकटला. त्याचं जर्मन भावंड ‘ग्लाउबेन’. मुळं वेगळी, घराणी वेगळी. आणि ज्या स्पेलिंगवर हा डोलारा उभा आहे ते तरी किती जुनं? 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये योहानाच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन काढून बघा. तिथे या शब्दात ‘एल’नंतर दोन ‘ई’ आहेत. ‘आय’ हे अक्षर त्यात नाहीच. आजचं स्पेलिंग नंतर रूढ झालं, बहुधा ‘रिलीव्ह’सारख्या शब्दांच्या वळणाने.

‘बिलीव्ह’चं मूळ भाषाशास्त्रज्ञ ‘ल्युभ्’ असं मांडतात : जपणं, हवंसं वाटणं, प्रिय मानणं. ‘लव्ह’ त्यातूनच आला. इंग्रजीत ‘लीफ’ हा प्रिय या अर्थाचा जुना शब्द होता, तोही त्याच घरचा. शब्दाच्या पोटात काही शोधायचंच असेल तर ‘बिलीफ’मध्ये ‘लीफ’ खरोखर आहे. आपला लुभ् धातूही याच मुळाचा. लोभ म्हटलं की आज हाव आठवते, पण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहिणारा हाव मागत नसतो.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. इंग्रजीतले विश्वासाचे जुने शब्द आधी माणसामाणसांतल्या नात्याचे होते. ‘ट्रू’ म्हणजे आधी एकनिष्ठ. वस्तुस्थितीला धरून असलेलं, हा अर्थ मागून आला. लग्न ठरवण्याच्या ‘बिट्रोथ’मध्ये तो जुना अर्थ अजून आहे. ‘फेथ’ लॅटिनच्या ‘फिदेस’मधून आला, म्हणजे दिल्या शब्दाला जागणं. लग्न ठरलेल्या जोडीदाराला म्हणतात तो ‘फियान्से’ त्याच कुळातला. ‘देवावर तुझा विश्वास आहे का’ हे आज आपण ‘देव आहे का’ असं ऐकतो. पूर्वी त्या प्रश्नात ‘तू कुणाचा आहेस’ हेही होतं. आस्तिक-नास्तिक वादात हा अर्धा भाग कुणी उचलतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

निखिल_ठाणे

स्पेलिंगच्या भागाशी पूर्ण सहमत. शेवटच्या परिच्छेदाशी अजिबात नाही.

शब्दाचा उगम म्हणजे त्याचा खरा अर्थ, हा समज जुना आहे. खुद्द ‘एटिमॉलॉजी’ या शब्दात तो बसलाय : ग्रीकमध्ये ‘एटिमॉस’ म्हणजे खरं. पण ‘नाइस’ लॅटिनच्या ‘अडाणी’ या अर्थाच्या शब्दातून आला आणि ‘सिली’ एके काळी ‘भाग्यवान’ होता. आपल्याकडे स्मृतिग्रंथांत ‘साहस’ म्हणजे बळजबरीचा गुन्हा. म्हणून गिर्यारोहकाच्या साहसाचं कौतुक करताना आपण गुन्ह्याचं कौतुक करतो का?

आणि यात धोकाही आहे. विश्वास म्हणजे प्रेम असं एकदा ठरवलं की पुरावा मागणारा माणूस प्रेम नसलेला ठरतो. बाबा-बुवांच्या मठात हेच घडतं. प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, ‘तुझी निष्ठा कमी पडते’ असं ऐकावं लागतं. ‘ट्रू’ शब्द निष्ठेकडून वस्तुस्थितीकडे सरकला याचा मला आनंद वाटतो. 1660 साली लंडनला स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचं ब्रीदवाक्य आहे ‘नुलियस इन वेर्बा’, कुणाच्याही शब्दावर विसंबायचं नाही. तुम्ही ज्याला हरवलेला अर्धा भाग म्हणता त्यातून सुटायला माणसांना शतकं लागली.

मेघना_सातारा

निखिल, जुना अर्थ परत आणा असं मी म्हटलेलं नाही. तो गेलेलाच नाही. बापाने मुलीला ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हटलं तर ती जगात अस्तित्वात आहे याची तो ग्वाही देत नसतो. आणि ‘आय बिलीव्ह इट्स रेनिंग’मध्ये निष्ठेचा लवलेश नाही. एकाच क्रियापदावर इंग्रजीने दोन कामं टाकलीत. मराठीत ती बरीचशी वेगळी राहतात : वाटणं, मानणं, विश्वास ठेवणं, भरवसा असणं. दोन कामं वेगळी ओळखली तर तुमच्या बुवालाही नीट पकडता येईल. तो नात्यावरचा भरवसा मागतो आणि त्याच्या आडून विधानं गळी उतरवतो.

रोहिणी_कोथरूड

छान धागा. शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत, आणि ज्या मूर्तीत मेण नाही ती ‘सिने सेरा’, त्यावरून ‘सिन्सिअर’, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. प्रामाणिकपणाच्या शब्दालाही अशी वस्तू सापडते हे मला फार आवडलं होतं. मेघनाताईंच्या बाजूने एक मत.

दिवाडकर

मी गोव्याचा. माझ्या इथे ‘फेथ’ कुळातला एक शब्द जगून दाखवला गेलाय, म्हणून लिहितो.

‘फिदेस’चं पोर्तुगीज रूप ‘फे’. ‘आउतो-दा-फे’ म्हणजे श्रद्धेची कृती. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, 1560 साली सुरू झालं आणि मधला थोडा काळ सोडता 1812 पर्यंत चाललं. त्यात पकडलेल्यांना मिरवणुकीने आणून त्यांच्या शिक्षा जाहीर वाचल्या जात, त्या समारंभाचं हे नाव. देहदंड झालेल्यांना नंतर मुलकी सत्तेच्या ताब्यात देऊन जाळत. शार्ल देलाँ हा फ्रेंच वैद्य 1676 च्या समारंभात कैदी म्हणून उभा होता. त्याची हकिगत 1687 मध्ये छापून आली. इंग्रजीने हा शब्द तसाच उचलला, पण आज इंग्रजी वाचकाला त्यातून दिसते ती चिता. शब्दाचं मूळ ‘दिल्या शब्दाला जागणं’ असेलही. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते अर्थ होऊन बसलं.

‘मिस्क्रियंट’चंही तेच. फ्रेंचमध्ये तो ‘चुकीची श्रद्धा असलेला’ होता, इंग्रजीत येऊन बदमाश झाला. आपल्या वर्तमानपत्रांतले समाजकंटक इंग्रजीत ‘मिस्क्रियंट्स’ असतात. मेघनाबाय, दुसऱ्या धर्माचा माणूस म्हणजे गुंड, हा हिशेब त्या शब्दातच पक्का झालाय. ‘तू कुणाचा आहेस’ हा प्रश्न तुम्हाला गोड वाटतो. आमच्या पूर्वजांना तो भर चौकात विचारला गेला.

हेही सांगायला हवं : आमच्या कोकणी ख्रिस्ती घरांत श्रद्धेला ‘भावार्थ’ म्हणतात आणि क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना, म्हणताना सुरुवात ‘सतमानतां’ने होते, म्हणजे सत मानतो. जुलमाच्या त्याच शतकांत लोकांनी प्रार्थनेसाठी आपले शब्द घडवले आणि ते आजही ओठांवर आहेत. दोन्ही खरं आहे.

काळा_कोट

कोर्टात हे शब्द रोज पोटापाण्याला लागतात. ‘ॲफिडेव्हिट’ हाही ‘फिदेस’च्याच कुळातला, अर्थ ‘त्याने शपथेवर सांगितलं आहे’. खाली पक्षकार लिहून देतो की मजकूर त्याच्या माहितीप्रमाणे आणि समजुतीप्रमाणे खरा आहे. इंग्रजी मसुद्यात तिथे ‘नॉलेज अँड बिलीफ’ असतं. म्हणजे ‘बिलीफ’ला आम्ही समजूत म्हणतो. श्रद्धा नाही, प्रेम तर नाहीच.

खोट्या पुराव्याची व्याख्या बघा. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 191 होतं. नव्या न्याय संहितेतही ती व्याख्या आहे. विधान खोटं असणं पुरत नाही. ते खोटं आहे हे सांगणाऱ्याला माहीत हवं, किंवा तसं वाटत हवं, किंवा ते खरं आहे असं त्याला वाटत नसलं पाहिजे. कलमाखाली सहीचं उदाहरण दिलंय. एक माणूस शपथेवर सांगतो, ‘ही सही अमक्याची असावी असं मला वाटतं.’ त्याला प्रामाणिकपणे तसं वाटत असेल तर सही दुसऱ्याची निघाली तरी त्याने खोटा पुरावा दिलेला नाही. उलट, तसं वाटत नसताना ‘वाटतं’ म्हणाला, तर तो गुन्हेगार. आपल्या मनातल्या समजुतीबद्दलसुद्धा माणूस खोटं बोलू शकतो, हे कायद्याने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

त्या चित्राने नेमकी हीच फोड पुसली म्हणून मला राग येतो. चुकीचं मानणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. ‘फॉल्स’ लॅटिनच्या ‘फालेरे’मधून आला, त्याचा अर्थ फसवणं. आज मात्र नकळत झालेल्या चुकीलाही ‘फॉल्स’ म्हणतात. ‘लाय’मध्ये हेतू लागतो. मराठीत ‘खोटं’ दोन्हीकडे चालतं, आणि उलटतपासणीत त्याचा फार त्रास होतो. ‘तुम्ही खोटं सांगताय’ म्हटलं की म्हातारा साक्षीदार अब्रू गेल्यासारखा पेटतो. मी म्हणायला गेलेले असते की तुमची आठवण चुकते आहे.

धातुपाठ

दोन गोष्टी.

रोहिणी, मेणाच्या गोष्टीला आधार नाही. ‘सिन्सेरुस’ म्हणजे निर्भेळ, शुद्ध. मेण आणि भेगा मागून जोडल्या गेल्या. गोष्ट सुंदर आहे म्हणून टिकली, लाल अक्षरांचं चित्रही त्याच कारणाने टिकेल.

दुसरी गोष्ट कुणीतरी काढेलच, म्हणून आधीच लिहितो. ‘क्रीड’, ‘क्रेडिट’, ‘इन्क्रेडिबल’ ज्या लॅटिन ‘क्रेदो’तून आले ते आपल्या ‘श्रद्धा’चं सख्खं भावंड आहे. हे नातं भक्कम आहे : पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात आणि जुन्या आयरिशमध्येही त्याची भावंडं सापडतात. पण त्यावरून लॅटिन संस्कृतातून निघाली असा अर्थ काढू नये. दोघी एका तिसऱ्या, लिहून न ठेवलेल्या भाषेच्या लेकी. पुढचा दावा, की ‘श्रत्’ म्हणजे हृदय आणि श्रद्धा म्हणजे हृदय ठेवणं, हा मात्र वादातला आहे. बरेच अभ्यासक तो मानतात, पण संस्कृतात हृदयाला ‘हृद्’ म्हणतात, तिथे ‘ह’ का आणि इथे ‘श’ का याचं सरळ उत्तर नाही. एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1969 च्या ग्रंथात हृदयाच्या अर्थावर शंका घेतली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या श्रद्धासूक्ताची सुरुवात ‘श्रद्धयाग्निः समिध्यते’ अशी आहे : श्रद्धेने अग्नी पेटवला जातो, श्रद्धेने आहुती दिली जाते. तिथे श्रद्धा म्हणजे देणं पोचेल हा भरवसा. बँकेतल्या क्रेडिटच्या ते बरंच जवळ जातं.

मूळ शोधताना आपल्याला हवं तेच सापडण्याचा मोह फार असतो. नास्तिकाला ‘लाय’ सापडतं, भाविकाला ‘लव्ह’.

निखिल_ठाणे

धातुपाठ यांनी शेवटी लिहिलं तेच मी म्हणत होतो.

मेघना, तुमचीच पद्धत लावून पाहतो. ‘हेरसी’ ग्रीक ‘हायरेसिस’मधून आला, अर्थ निवड. तत्त्वज्ञानाच्या एखाद्या शाखेलाही ग्रीक लोक तोच शब्द वापरत. मग मूळ अर्थाने पाखंडी म्हणजे फक्त स्वतः निवड केलेला माणूस. हे मला मनापासून आवडतं. पण म्हणून ते मध्ययुगातल्या चर्चला लागू होतं असं मी म्हणू शकत नाही, कारण तिथे त्या शब्दाने माणसं मेली. आवडलेलं मूळ बाजूला ठेवता आलं पाहिजे.

मेघना_सातारा

दिवाडकरांचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. ‘तू कुणाचा’ हा प्रश्न सत्तेने विचारला की काय होतं हे त्यांनी दाखवलं, आणि ते माझ्या मांडणीत असायला हवं. तरीही ‘हेरसी’चं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. निवड हा अर्थ माहीत असला तर तो शब्द गुन्ह्याचा कसा झाला, कुणी केला, हे विचारता येतं. मूळ ठाऊक नसलेला माणूस आजच्या अर्थालाच निसर्गनियम समजतो. चित्र पाठवणाऱ्यांना मी दोन्ही सांगणार : 1611 चं स्पेलिंगही आणि ‘प्रिय मानणं’ही.

निखिल_ठाणे

पहिलं सांगा, दुसरं नको. चित्र खोटं पाडायला ती छापील प्रत पुरते. ‘प्रिय मानणं’ जोडलंत की महिनाभरात दुसरं चित्र येईल, ‘बिलीव्ह’ला गुलाबी रंग आणि खाली ‘विश्वास म्हणजे प्रेम’. ते तर मुळाला धरून असेल, मग ते खोडायला तुमच्याकडे काय उरेल?