ल्योंला जाताय तर मॅकरॉनवर थांबू नका

'फ्रान्समधल्या ल्यों शहरात दोनच दिवस आहेत, मॅकरॉन कुठे चांगले मिळतील?' असं इथे एकाने विचारलंय. मॅकरॉन, म्हणजे बदामाच्या पिठाची ती सारण भरलेली बिस्किटं, पॅरिसलाही मिळतील हो, ल्योंत पोटात जागा ठेवा ती गुलाबी प्रालीनच्या टार्टसाठी. गुलाबी साखरेत घोळवलेले बदाम भरडून क्रीममध्ये आटवतात आणि ते खुसखुशीत पारीत ओततात. वरून लालभडक, तुकतुकीत. सुरी लावली की कड मोडते, आतलं सारण चिकट आणि मध्येच दाताखाली बदाम येतो. रंग बघून बिचकू नका, चव अस्सल बदामाची असते. गोड मात्र भरपूर, तेव्हा एक तुकडा दोघांत पुरे, सोबत बिनसाखरेची कॉफी. हेच प्रालीन, म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम, घातलेला ब्रिओश हा लोणी-अंड्यांचा मऊ पावही मिळतो. नाश्त्याला मला तोच जास्त आवडतो.

दुसरं म्हणजे 'कुसँ द ल्यों'. हिरव्या मार्झिपानची (बदाम-साखरेच्या लगद्याची) इवलीशी उशी, आत चॉकलेट गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मऊ सारण. १६४३ च्या प्लेगमध्ये शहराने फुर्व्हिएर टेकडीवरच्या मेरीमातेला नवस बोलला. तेव्हा मेणबत्ती आणि सोन्याचं नाणं रेशमी उशीवरून नेलं, असं सांगतात. त्यावरून व्हुआझँ या चॉकलेटवाल्यांनी १९६० मध्ये ही मिठाई काढली. आत क्युरासाओ लिकर, म्हणजे संत्र्याच्या सालीचं गोड मद्य असतं, मुलं बरोबर असतील तर लक्षात असू द्या.

वेळ कमी आहे, तर पार्-द्यू रेल्वे स्टेशनजवळचा, प्रसिद्ध शेफ पोल बोक्यूज यांच्या नावाचा खाद्यबाजार गाठा, बरंचसं एकाच छताखाली मिळेल. सोमवारी तो बंद असतो.