'ब्राइट इनडायरेक्ट लाइट' म्हणजे नक्की किती उजेड?

शेवंती: पीस लिली, झीझी आणि अँथुरियम, तिन्ही कुंड्यांच्या चिठ्ठीवर हेच लिहिलंय. फ्लॅट पुण्यात. हॉलची खिडकी दक्षिणेला, बेडरूमची उत्तरेला. कुठली कुंडी कुठे ठेवू? काचेतून येणारं ऊन इनडायरेक्ट धरायचं का?

कुंडीकर: नाही. झाडाच्या जागेवरून सूर्य दिसतोय तोवर ते डायरेक्टच, मध्ये काच असो वा नसो. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि फूटभर वर हात धरा. सावलीची कड रेखीव आली तर ऊन. कड धूसर पण बोटं ओळखू येतायत, तर चिठ्ठीवरचा उजेड तो हा. सावलीच धड पडत नसेल तर तिथे फक्त झीझी; तीही तग धरेल, वाढणार नाही. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. भर उन्हात लाखाच्या आसपास लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, खोलीच्या आतल्या भिंतीशी दोन-तीनशे, आणि आपल्याला दोन्हीकडे 'छान उजेड' वाटतो.

माथ्यावरचं_ऊन: वरची कसोटी वर्षातून निदान दोनदा करा, डिसेंबरात आणि मे महिन्यात. डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या आसपासच चढतो. खिडकीची वरची चौकट जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि बाहेर छज्जा नसेल, तर दक्षिणेचं ऊन सहा फूट आत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उलटं: दक्षिणेला थेट ऊन नाही, उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन. (जुलैत ढगच असतात, ते सोडा.) अँथुरियम दक्षिणेला, ऑक्टोबर ते फेब्रुवारी पातळ पांढरा पडदा लावून. पीस लिली उत्तरेला, खिडकीपासून दोन फुटांच्या आत.

शेवंती: अँथुरियमच्या खिडकीकडच्या पानांवर फिकट, कागदासारखे कोरडे डाग आहेत. बुरशी का?

कुंडीकर: एकाच बाजूला, वरच्या पानांवर आणि न पसरणारे असतील तर ऊन लागलंय. तो भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण अर्धं पान हिरवं असेल तर कापू नका. उजेड कमी पडला की वेगळी लक्षणं: लांब देठ, लहान पानं, झाड एका अंगाला झुकलेलं. झीझी आत ठेवलीत तर पाण्याचा हात आवरा, कमी उजेडात माती वाळायला फार वेळ लागतो आणि गड्डे कुजतात. बोट नव्हे, काडी तळापर्यंत खुपसून बघा. कोरडी निघाली तरच पाणी.