शब्दचर्चा : १०८ ला ‘स्वयंभू’ का म्हणायचं?

नौपाडा, ठाणे :
सासूबाईंची जपमाळ तुटली, म्हणून काल जांभळी नाक्यावरून नवा दोरा आणला. मुलगी सातवीत आहे, ती मणी ओवून देत होती. मेरुमणी सोडून १०८ भरले तशी म्हणाली, “आई, ही स्वयंभू संख्या आहे.” मला स्वयंभू म्हटलं की कुणी न घडवलेली पिंडी डोळ्यांसमोर येते. संख्येला हा शब्द कसा लागला? ‘अनाथ’ किंवा ‘अजन्मा’ का नाही?

कळवा (निवृत्त गणित शिक्षक) :
ताई, लेक बरोबर सांगतेय. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा. ९४ चे अंक ९ आणि ४, बेरीज १३; ९४ + १३ = १०७. म्हणून ९४ ही १०७ ची जनक. पुढची ९५ घेतली तर ९५ + १४ = १०९. मधली १०८ हुकली! १०३ वरून १०७ येते, १०४ वरून १०९, इथेही तेच. दोन्ही शेजारणींना दोन-दोन जनक, आणि १०८ ला एकही नाही. ८९ पर्यंतच्या संख्या १०६ च्या पुढे जात नाहीत, तेव्हा ९० ते १०७ एवढ्याच तपासायच्या. लेकीला वही घेऊन बसवा.

आता शब्द. अनाथाला आईवडील होते, ते गेले. इथे ते कधीच नव्हते. अजन्मा म्हणजे जो जन्मतच नाही. १०८ तर समोर आहे. ‘भू’ म्हणजे होणे. जे आपलं आपण झालं ते स्वयंभू. निपुत्रिक मात्र नाही हं : १०८ + ९ = ११७. वर्तमानपत्रांत ‘स्वयंघोषित’च्या जागी ‘स्वयंभू’ छापतात ते मला खटकतं.

या संख्यांचा ध्यास घेतलेले द. रा. कापरेकर जन्माने डहाणूचे, शाळा ठाण्यात, नंतर देवळालीत शिक्षक. म्हणून ‘देवळाली संख्या’ असंही नाव आहे. मला ‘स्वयंभू’च जवळचा वाटतो, त्यात व्याख्याच आहे.

ऐरोली :
सर, माझी हरकत आहे. बारा-बाराच्या गटांनी मोजणारा माणूस ९८ ला ‘८२’ लिहील, आठ डझन आणि दोन. अंकांची बेरीज १०, आणि ९८ + १० = १०८. मिळाला की जनक! लिहिण्याची रीत बदलली की जो गुण जातो, त्याला स्वयंभू म्हणावं का? १०८ = १ × २² × ३³, सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा; हे कुठल्याही रीतीत खरंच राहतं.

कळवा :
हे मात्र मी सांगायला हवं होतं. व्याख्येत ‘दशमान पद्धतीत’ हे शब्द हवेतच. पण शब्द मी बदलणार नाही. स्वयंभू हा कुळाविषयीचा शब्द आहे. कूळ कसं मोजायचं ते एकदा ठरलं, की त्या मोजणीत १०८ ला पूर्वज नाही.

नौपाडा, ठाणे :
सर, १८ च्या १८ तपासून झाल्या, एकही जनक नाही. तिला ८६ आणि ९७ सुद्धा स्वयंभू सापडल्या. ११-११ ने पुढे जात ती ११९ वर गेली, तर तिथे १०९ + १० = ११९. जनक निघाला. आता ११० तपासतेय.