अख्खा दाणा आणि बारीक पीठ यांत फरक आहे

मैदा सोडून कोंड्यासकट गव्हाच्या पोळ्या सुरू केल्या तरी जेवणानंतरची रक्तातली साखर उतरत नाही, अशी एक तक्रार असते. यात नवल नाही. गिरणीत बारीक दळल्यावर कोंडा पिठात राहतो, पण दाण्याची भिंत फुटते आणि स्टार्च पाचकरसांच्या हाती आयता सापडतो. त्यापेक्षा खपली गव्हाचा जाडसर दलिया सावकाश पचतो. (त्यात वाटीभर गूळ घालणारे आमच्याकडेही आहेत, त्यांचं काय बोलायचं!)

आतड्यातल्या जिवाणूंचा साखरेशी काय संबंध म्हणाल, तर स्वीडनमधला २०१५चा अभ्यास मला पटतो. निरोगी लोकांना ३ दिवस बार्लीच्या अख्ख्या दाण्यांचा पाव दिला आणि मग ठरावीक नाश्त्यानंतरची साखर मोजली. काहींची कमी चढली, काहींना ढिम्म फरक नाही. फायदा झालेल्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला गटाचे जिवाणू जास्त निघाले. म्हणून शेजाऱ्याच्या ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून आपलं ताट ठरवू नका. आपलंच जेवण बदलून, दोन तासांनी मोजून बघा.

आणि हो, तंतू (फायबर, म्हणजे धान्यातला न पचणारा भाग) एकदम वाढवले की आतड्यातले जिवाणू गॅस करतात, पोट डब्ब होतं. हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या.