शब्दचर्चा : आडेलहाइट ऊर्फ हायडी

भाचेसून जर्मन आहे, मुलीचं नाव आडेलहाइट ठेवायचं चाललंय आणि घरात हाक मारायला हायडी. इकडे आईचं एकच, अर्थ काय ते सांगा आधी. नावांच्या साइटवर नुसतं 'नोबल' लिहिलंय. कुणी नीट सांगेल का?

—

हायडे म्हणजे जर्मनमध्ये माळरान ना? त्यावरून असेल.

—

नाही हो, माळरानाचा हायडे वेगळा. हायडी हे आडेलहाइटचं शेपूट तोडून झालेलं लाडाचं नाव. योहाना श्पिरीच्या त्या प्रसिद्ध स्विस कादंबरीत पण पोरीचं खरं नाव आडेलहाइटच आहे, फ्रांकफुर्टच्या घरातली कडक बाई हायडी म्हणायला तयारच होत नाही.

आता अर्थ. आडाल म्हणजे कुळ, खानदान (एडेलवाइस फुलातलं एडेल याच घरातलं) आणि हाइट म्हणजे दर्जा, रीत, प्रकार. आजच्या जर्मनमध्ये हाइट नुसता प्रत्यय उरलाय, फ्राय म्हणजे मोकळा आणि फ्रायहाइट म्हणजे स्वातंत्र्य, आपला 'पणा' लागतो तसं, इंग्लिशच्या चाइल्डहूडमधलं हूड पण तेच, पण जुन्या काळी तो सुटा शब्द होता. म्हणून 'नोबल' चूक नाही पण अर्धवट आहे, 'कुलीन' जास्त जवळ जातं. तसंही तेव्हाचे जर्मन लोक नावाचे दोन तुकडे बरेचदा नातेवाइकांच्या नावांतून उचलून जोडायचे, त्यामुळे एकसंध अर्थ निघेलच असं नाही.

नाव मोठं केलं ते सम्राट पहिल्या ओट्टोच्या बायकोने. बर्गंडीची आडेलहाइट, आधीचा नवरा इटलीचा राजा, तो गेल्यावर ९५१ मध्ये ओट्टोशी लग्न, ९६२ ला रोममध्ये सम्राज्ञी, आणि मेल्यावर चर्चने संतपद पण दिलं.

—

आणि ॲडलेड?? आपण २०२० ला ३६ मध्ये गुंडाळलो गेलो ते?

—

तेच नाव, फ्रेंचमधून फिरून आलेलं. ते शहर १८३६ चं, ब्रिटनच्या चौथ्या विल्यमची राणी ॲडलेड हिच्यावरून, ती मूळची जर्मनीतल्या मायनिंगनची. ॲलिस पण यातूनच निघालंय, जुन्या फ्रेंचमध्ये झिजत झिजत आडेलाइसचं आलिस झालं.

गंमत म्हणजे हाइटचं नातं भाषाशास्त्रवाले संस्कृत 'केतु'शी लावतात.

—

बापरे, राहू-केतूतला केतू? आईला हे सांगितलं तर नाव बादच होणार.

—

केतु म्हणजे मुळात तेज, खूण, झेंडा, ग्रह नंतरचा. पण तुम्ही कुलीन एवढंच सांगा, केतूचा विषयच काढू नका :) आणि पत्रिकेवर लिहिताना शेवटी ट लिहा, जर्मन स्पेलिंगमध्ये ड असला तरी बोलताना ट होतो.