परदेशात अनुभवलेला भूकंप

दादरकर:
आमच्या इमारतीशेजारी पायलिंगचे काम सुरू झाल्यापासून खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि बँकॉकमधील २८ मार्च २०२५ ची दुपार आठवते. हॉटेलच्या एकविसाव्या मजल्यावर आम्ही बॅगा भरत होतो. मला गरगरले, यजमानांनाही गरगरले. दोघांचा रक्तदाब एकाच वेळी कसा बिघडला, असा विचार करीत असतानाच कपाटाची दारे आपोआप उघडमीट करू लागली. केंद्रबिंदू म्यानमारमध्ये, हजार किलोमीटरवर होता. परंतु बँकॉकखालच्या मऊ चिकणमातीत दुरून आलेल्या संथ लहरी वाढतात आणि त्यांचा त्रास बैठ्या घरांपेक्षा उंच इमारतींना अधिक होतो. चातुचाक भागातील बांधकाम चालू असलेली इमारत कोसळल्याचे रस्त्यावर आल्यानंतर समजले. आपणांपैकी कोणी असे काही अनुभवले असल्यास अवश्य लिहावे.

ठाणेकर:
आम्ही २५ एप्रिल २०१५ रोजी काठमांडूत होतो. दुपारचे बारा वाजण्यास काही मिनिटे असताना ठमेलच्या गल्लीत जमीन उसळली, आणि एका दुकानदाराने आईचा दंड धरून तिला चौकात ओढत नेले नसते, तर विटांची भिंत तिच्या अंगावर आली असती. रात्र टुंडीखेलच्या मैदानावर, अनोळखी कुटुंबाने दिलेल्या ताडपत्रीखाली काढली. शनिवार हा तेथील सुट्टीचा दिवस. शाळा भरलेल्या असत्या तर काय झाले असते, हे तो दुकानदार पुन्हा पुन्हा बोलत होता. दुसऱ्या दिवशी ६.७ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा सगळे मैदान एकदम ओरडले. पुढे हवाई दलाच्या विमानात बसल्यावर आईने पहिली चौकशी केली, ती हॉटेलात राहिलेल्या साड्यांची.

बोरिवलीकर:
घरी कसे कळवले? फोन लागत होते का?

ठाणेकर:
लागत नव्हते. रात्री उशिरा एक एसएमएस पोहोचला. तोपर्यंत धरहरा मनोरा कोसळल्याच्या बातम्या पाहून शेजारीपाजारी आमच्या घरी जमले होते.

पवईकर:
११ मार्च २०११ रोजी मी कंपनीच्या कामासाठी टोकियोत होतो. इमारत कित्येक मिनिटे डोलत होती. सहकारी टेबलांखाली गेले, म्हणून मीही गेलो. गाड्या बंद पडल्याने निशी-कासाईपर्यंत चालत जावे लागले. २६ जुलै २००५ च्या पुरातही मी अंधेरीहून असाच चालत निघालो होतो, पण तेव्हा वाटेत लोक चहा-बिस्किटे देत होते, सरकारला शिव्या देत होते. टोकियोत मात्र पदपथ माणसांनी भरलेला असूनही जवळजवळ कोणीच बोलत नव्हते, आणि मला भूकंपापेक्षा त्याचीच धास्ती अधिक वाटली.

गिरगावकर:
विषय परदेशाचा आहे, याची कल्पना आहे. तरी डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेच्या भूकंपाने पहाटे आमची अख्खी चाळ खाली धावली होती, ते आठवले. दादरकर, जिना हलत होता का? नातू आता परळला चौतिसाव्या मजल्यावर राहावयास गेला आहे.

दादरकर:
काका, हलत होता आणि गिलाव्याचे तुकडेही पडत होते. हादरे थांबेपर्यंत काचांपासून दूर, भक्कम टेबलाखाली थांबावे, नंतरच जिना धरावा आणि लिफ्ट टाळावी, असे तेथील कर्मचाऱ्यांनी सांगितले. नातवाला उंच फडताळे भिंतीला स्क्रूने पक्की करून घ्यावयास सांगावे.